आधी कोयत्याचं लग्न बघा

आमच्या बीड जिल्ह्यात सप्ताहाचा मांडव पडला की काही महाराजांना तीन विषय हमखास सुचतात. मोबाइल, सासूला उलटून बोलणारी सून आणि अलीकडं ‘बाप्याचं बाप्याशी लगीन’. पहिल्या दोन विषयांना माना डोलतात, तिसऱ्याला मांडव लोळतो. नवरदेव कोण अन् नवरी कोण, उष्टी हळद कुणाची कुणाला लावायची, उखाणा कुणी घ्यायचा, मामानं कुणाला पाटावर आणायचं, असे प्रश्न महाराज हातवारे करून विचारतात. मग आवाज चढवून सांगतात की बाबांनो, विवाह हा संस्कार आहे, करार नाही. हे पश्चिमेचं खूळ आपल्या धर्माच्या मुळावर आलंय. मृदंगावर थाप पडते, ‘विठ्ठल विठ्ठल’ होतं आणि महाराज पाकीट घेऊन पुढच्या गावाला निघतात.

अशाच एका मांडवात मी पुढच्या रांगेत बसलो होतो आणि मीही हसलो. गळ्यात माळ, तीस वर्षांची मास्तरकी, गावात ‘गुरुजी’ म्हणून मान. हसता हसता नजर टाळकऱ्यांच्या ओळीवर गेली. बाविशी-तेविशीचा एक पोरगा. गळा गोड, पाठांतर चोख. बाकीचे टाळकरी एकमेकांच्या खांद्यावर रेलून हसत होते. यानं मात्र दोन्ही टाळ एकमेकांवर घट्ट दाबून धरले होते. आवाज होऊ नये म्हणून धरतात ना, तसे. शेजारच्यानं कोपरानं ढोसलं, ‘कामून हसंना रं?’ तेव्हा तो हसला. तसलं हसू मी शाळेत पाहिलंय, छडी खाऊन ‘लागलं नाही गुरुजी’ म्हणणाऱ्या पोरांच्या तोंडावर.

तो हशा मला अजून पचलेला नाही. म्हणून हे लिहितोय.

महाराज म्हणतात, लग्न हा संस्कार आहे. बरं, संस्कार. मग आपल्याच जिल्ह्यातल्या संस्काराचा हिशेब आधी मांडू.

दसरा-दिवाळी झाली की बीडची लाखो माणसं ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादम उचल देतो ती माणसाला नाही, कोयत्याला. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. उचल अर्धी आणि मुकादमाचं तोंडही वाकडं. ‘अर्धांगिनी’ ही बाकीच्या भारतात उपमा असेल, आमच्याकडं तो मुकादमाच्या वहीतला आकडा आहे. पोरगा अर्ध्याचा पूर्ण व्हावा म्हणून हंगामाआधी लग्न उरकायचं आणि नवरीला हळदीच्या अंगानं फडात उभी करायची. लग्नाला अग्नीची साक्ष लागते म्हणतात. आमच्याकडच्या कितीतरी लग्नांना खरी साक्ष असते ती कारखान्याच्या बॉयलरची. त्या बॉयलरचं अग्निप्रदीपनही यथासांग पूजा करून, महाराजांच्या हस्तेच होतं.

2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या दर 100 बायकांमागे जवळपास 44 जणींचं लग्न अठराच्या आत लागलेलं होतं. शंभरात चव्वेचाळीस! या पोरींची संमती कुणी विचारली होती? भटजींनी जन्मदाखला मागितला? आचाऱ्यानं विचारलं? मंडपवाल्यानं? अक्षता टाकणाऱ्या पाचशे माणसांपैकी किती जणांनी हात आखडला? मीही टाकल्यात त्या अक्षता. मुलीची आई मंगळसूत्राच्या वाटीकडं बघत होती, मुलगी मात्र दाराशी खेळणाऱ्या मैत्रिणींकडं. तेव्हा कुणाचाच धर्म बुडाला नाही.

पुढचा आकडा आणखी कडू आहे. 2019 मध्ये सरकारनंच बीड जिल्ह्यातल्या 82 हजार 309 ऊसतोड बायकांची पाहणी केली. त्यात 13 हजार 861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पाळी आली, अंग धरून बसली की खाडा. खाडा झाला की दंड. म्हणून पिशवीच काढून टाकायची. जी मंडळी ‘लग्न हे संततीसाठी असतं, त्या दोघांना लेकरं कुठून होणार’ असं विचारतात, त्यांनी या बायकांच्या पोटावरचे टाके मोजावेत. त्यांच्या पिशव्यांवर एकही कीर्तन मी आजवर ऐकलेलं नाही.

आणि ‘निसर्गाच्या विरुद्ध’ हे शब्द तर आमच्या जिल्ह्यानं उच्चारूच नयेत. 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या 1000 मुलांमागं आमच्याकडं मुली होत्या 807. बाकीच्या कुठं गेल्या, ते 2012 मध्ये परळीच्या डॉक्टर सुदाम मुंडेचं मुलींच्या गर्भपाताचं प्रकरण उघडकीला आलं तेव्हा जगानं पाहिलं. वैजनाथाच्या गावात, ज्योतिर्लिंगाच्या सावलीत तो धंदा चालला आणि लांबून लांबून गिऱ्हाईक येत राहिलं. येणारे सगळे देवभोळे, संसारी, स्त्री-पुरुष जोडप्यातलेच होते. निसर्गाचा खून करून परतताना वैजनाथाचं दर्शन घेणारे आम्ही, आणि निसर्ग शिकवतो कुणाला? दोन बायकांनी एका घरात राहायचं ठरवलं, त्यांना!

सगळे महाराज एका माळेचे मणी नाहीत. हुंड्यावर आणि मुलींच्या गर्भपातावर पोटतिडकीनं बोलणारे कीर्तनकार मी ऐकलेत आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवलंय. माझं भांडण त्यांच्याशी नाही, वारकरी धर्माशी तर नाहीच. त्या मांडवातल्या दुसऱ्या दिवसाचीच गोष्ट सांगतो. काल्याचं कीर्तन होतं. एका जाड मिशीच्या गायकानं गौळण धरली. कृष्णानं वाटेत अडवलंय, पदर धरलाय, आता घरी काय सांगू, अशी तक्रार तो भरदार बाप्या लाजत-मुरकत गात होता आणि आदल्या रात्री पोट धरून हसलेला अख्खा मांडव डोळे मिटून डोलत होता. ज्ञानेश्वरांनी विरहिणी लिहिल्या त्या स्त्री होऊन. एकनाथांच्या भारुडात लुगडं नेसून उभा राहतो तो पुरुषच. कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या पुरुषदेवाला आपण ‘माऊली’ म्हणतो आणि कुणाची जीभ अडखळत नाही.

तिकडं अंबाजोगाईला जा. योगेश्वरीची कथा लहान पोरही सांगेल. परळीच्या वैजनाथाशी देवीचं लग्न ठरलं, वऱ्हाड निघालं, मुहूर्त टळला आणि वऱ्हाडाचे दगड झाले. हत्तीखान्याच्या लेण्यांतले दगडी हत्ती दाखवून लोक ही कथा सांगतात. देवी कुमारिकाच राहिली. लग्न न झालेल्या या बाईला कितीतरी घराणी कुलदेवता मानून कोकणातून ओटी भरायला येतात. ती अपूर्ण आहे, अर्धा कोयता आहे, असं म्हणायची कुणाची छाती आहे? लग्नाच्या बाबतीत तर आपला धर्म भलताच ऐसपैस आहे. तुळशीचं लग्न लावतो. मंगळ असलेल्या मुलीचं मडक्याशी लावतो, त्याला कुंभविवाह म्हणतो. तिसरेपणाचा दोष टाळायला पुरुषाचं रुईच्या झाडाशी लावतो. पाऊस लांबला तर गाढवाचंही वाजतगाजत लावतो. मडकं चालतं, रुई चालते, गाढव चालतं. दोन हाडामांसाची, एकमेकांवर जीव लावणारी माणसं आली की मात्र आपल्याला शास्त्र आठवतं.

यावरून ‘आपल्याकडं पूर्वी समलिंगी लग्नं होत होती’ असा सोयीचा इतिहास मला रचायचा नाही. मनुस्मृतीत अशा संबंधांना दंड आणि प्रायश्चित्तं सांगितली आहेत, हे मला ठाऊक आहे. पण त्या ग्रंथाचं 25 डिसेंबर 1927 ला महाडमध्ये काय झालं, हेही ठाऊक आहे. माझं म्हणणं एवढंच, की परंपरेत दंडही आहे आणि डोलणंही आहे. त्यातलं काय उचलायचं, हे आपण ठरवतो. ते ठरवताना आपल्याला दंडच का बरा सापडतो?

सापडतो तो भल्याभल्यांना. 2023 च्या जानेवारीत सरसंघचालक मोहन भागवतांनी जरासंधाच्या हंस आणि डिंभक या सेनापतींची गोष्ट सांगून अशी माणसं आपल्या समाजात पूर्वीपासून आहेत, त्यांनाही जगू द्यायला हवं, असं म्हटलं. दोनच महिन्यांनी संघाच्याच दत्तात्रेय होसबाळे यांनी सांगितलं की विवाह हा संस्कार आहे आणि तो स्त्री-पुरुषांमध्येच होतो. म्हणजे पुराणात राहा, सैन्यात लढा, मरा. लग्न तेवढं करू नका. समलिंगी लग्नाच्या मागणीला सर्वोच्च न्यायालयात विरोध करायला अखिल भारतीय संत समिती उभी राहिली आणि जमियत उलेमा-ए-हिंदही उभी राहिली. एरवी ज्यांचं कशावर म्हणून पटत नाही, त्यांचं या एका गोष्टीवर मेतकूट जमलं. हिंदू-मुस्लिम ऐक्यासाठी आपल्याकडं अशी एक तिसरी, दुबळी पाठ बडवायला लागते.

‘पाश्चात्त्य खूळ’ म्हणणाऱ्यांनी जरा मराठी मुलखाचं दफ्तर उघडावं. र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर 1934 मध्ये अश्लीलतेचा खटला झाला. वाचकांच्या ज्या प्रश्नांना कर्व्यांनी उत्तरं दिली होती, त्यात समलिंगी संबंधांचाही विषय होता. त्यांच्या बाजूनं कोर्टात उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. म्हणजे नव्वद वर्षांपूर्वी मराठी माणूस मराठी मासिकाला हे प्रश्न मराठीत विचारत होता. ते काय बोटीतून उतरलेलं खूळ होतं?

2023 च्या सुनावणीत केंद्र सरकारनं याहून मोठी गंमत केली. ही मागणी शहरी उच्चभ्रूंची आहे, असं न्यायालयाला लेखी सांगितलं. शहरी उच्चभ्रू! आमचे ललित साळवे माजलगावच्या पोलीस ठाण्यातले शिपाई. ललिता म्हणून पोलिसात भरती झालेल्या या माणसानं 2017 मध्ये लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. खात्यानं नाकारली, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. अखेर परवानगी मिळाली, 2018 च्या मे महिन्यात मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, 2020 च्या फेब्रुवारीत लग्न झालं, पुढं मूलही झालं. 2022 मध्ये बीड शहरात एका तृतीयपंथी वधूचं लग्नही वाजतगाजत लागलं. त्या दिवशी बिंदुसरेला पूर आला नाही आणि मांजरसुंब्याचा घाट खचला नाही. लोक अक्षता टाकून जेवून गेले.

ललित साळवे पुरुष आहेत, त्यांचं लग्न समलिंगी नाही, हे मला कळतं. पण एक गोष्ट त्यातून उघडी पडते. ज्या माजलगावला काही उमजणार नाही असं दिल्लीनं गृहीत धरलं, त्या माजलगावनं डॉक्टरचा कागद बघितल्यावर सारं निमूट पचवलं. आम्हाला अडचण माणसाची नव्हती, कागदाची होती. मग ज्यांना शस्त्रक्रिया नको, देह बदलायचा नाही, आहे त्याच देहानं आपल्या माणसासोबत राहायचंय, त्यांना कागद देणार कोण?

देणार नाही, असं उत्तर सर्वोच्च न्यायालयाकडून 17 ऑक्टोबर 2023 ला मिळालं. लग्न करण्याचा मूलभूत हक्क नाही, हे पाचही न्यायमूर्तींनी एकमुखानं सांगितलं. नागरी जोडीदारी म्हणून तरी नातं मानावं का, यावर तीन विरुद्ध दोन झालं आणि तेही नाही म्हणून ठरलं. चेंडू संसदेकडं टोलवला. संसदेत सुप्रिया सुळे यांनी 2022 मध्येच याच मागणीचं खासगी विधेयक मांडून ठेवलं होतं. लोकसभेची मुदत संपली, विधेयकही संपलं. 2025 च्या जानेवारीत फेरविचार याचिकाही फेटाळली गेली. मधल्या काळात सरकारनं दया म्हणून राज्यांना आणि बँकांना पत्रं धाडली. अशा जोडप्याला रेशनकार्डावर एक कुटुंब धरा. बँकेत संयुक्त खातं उघडू द्या. एक जण मेला आणि नातेवाईक आले नाहीत, तर दुसऱ्याला प्रेत ताब्यात घेऊ द्या. वाचून मी थक्क झालो. गहू-तांदळापुरते ते एका घरातले. सरणापुरतेही एका घरातले. चूल पेटण्यापासून चिता पेटण्यापर्यंतच्या मधल्या आयुष्यात मात्र ते एकमेकांचे कुणीच नाहीत.

आणि या सगळ्यात धर्माला कुणी मागितलंय काय? विशेष विवाह कायदा 1954 चा. तो लिहिलाच गेला धर्माला वळसा घालून जाणाऱ्यांसाठी. निबंधकाच्या कचेरीत जाऊन बघा. लोखंडी टेबल, शाईचा पॅड, भिंतीवर तीस दिवसांच्या नोटिशीचा कागद, तीन साक्षीदार. मंगलाष्टकं नाहीत, अंतरपाट नाही, निकाहनामा नाही. कायद्याच्या चौथ्या कलमाची सुरुवात ‘कोणत्याही दोन व्यक्ती’ अशी आहे. खाली वयाची अट घालताना मात्र पुरुष आणि स्त्री हे शब्द आलेत. सगळं भांडण त्या शब्दांचं होतं. योगेश्वरीच्या पुजाऱ्याला कुणी म्हणालं नव्हतं की तुम्ही अक्षता टाका. काझींना कुणी म्हणालं नव्हतं की निकाह लावा. ज्याला पटत नाही त्यानं घरी बसावं, आपले तांदूळ वाचवावेत. पण ज्या कचेरीत देवाचा फोटोसुद्धा अधिकृत नाही, तिथल्या शाईवर हक्क सांगायला सगळे धर्म धावत गेले, हे मला विलक्षण वाटतं.

अर्थात नवलही नाही. 25 डिसेंबर 1873 ला जोतीराव फुल्यांनी पुण्यात भटजीवाचून लग्न लावलं तेव्हाही धर्म बुडणार होता. पुढं सत्यशोधक लग्नं लावणाऱ्या यजमानांवर दक्षिणेसाठी दावे लावण्यापर्यंत मजल गेली. विधवेच्या लग्नानं बुडणार होता, संमतिवयानं बुडणार होता, हिंदू कोड बिलानं तर नक्कीच बुडणार होता. दीडशे वर्षं बुडतोय आणि मांडव मात्र दर वर्षी मोठाच होतोय. बुडते ती धर्माची नाव नसते. लग्न कुणाचं खरं नि कुणाचं खोटं, हे ठरवायचा जो मक्ता असतो, तो बुडतो. आरडाओरडा मक्तेदारांचा असतो. आमच्या जिल्ह्यात 2025 मध्ये पोलिसांच्या छातीवरच्या पाटीवरून आडनावं काढावी लागली, इतकी जात टोकाला गेलीय. तिथं ‘योग्य लग्न’ म्हणजे काय, हे मी सांगायला नको. बाई-बाप्या पाहिजेत हे तर झालंच, पण आधी आडनाव पाहिजे.

मला लोक विचारतात, ‘गुरुजी, तुमच्या घरात असतं तर एवढं बोलला असता काय?’ सांगतो.

माझा एक जुना विद्यार्थी. सालस, हुशार. त्याचं स्थळ माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलीसाठी मीच सुचवलं. सोयरीक ठरल्यावर एका संध्याकाळी तो माझ्या ओट्यावर आला. बराच वेळ चपलेच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. मग म्हणाला, ‘गुरुजी, मला पोरींचं तसं काही वाटत नाही. कधीच वाटलं नाही. हे लग्न मोडता येईल काय?’ इतकं स्पष्ट. त्याला ते शब्द जुळवायला किती वर्षं लागली असतील! मी काय केलं? पाठीवर थाप मारली आणि म्हणालो, ‘वेड्या, लग्न झालं की सगळं सुरळीत होतं. पत्रिका वाटून झाल्यात, तुझ्या बापाची इज्जत आहे.’ आत चहा टाकायला सांगितलं. तो चहा न पिता गेला.

लग्न थाटात झालं. संस्कार झाला, अग्नी होता, सप्तपदी होती, गावजेवण होतं. दोन वर्षांनी भाची माहेरी परत आली. नवऱ्यानं कधी हात उगारला नाही, शिवी दिली नाही; तो रात्री अंगणात खाट टाकून झोपायचा, एवढीच तिची तक्रार होती आणि ती कुणापुढं मांडायची हे तिला कळत नव्हतं. गावानं तिला वांझ ठरवून टाकलं. तो पुण्याला गेला, आता माझा फोन उचलत नाही. मी त्याच्या जागी असतो तर मीही उचलला नसता. भाची भावाबरोबर ऊस तोडायला जाते. मुकादमाच्या वहीत तिच्या नावापुढं अर्धा कोयता लिहिलंय.

त्या पोराला आपल्या माणसासोबत उजळ माथ्यानं राहायची एक कायदेशीर वाट असती, तर पत्रिका वाटायच्या आधी ‘नाही’ म्हणायचं बळ त्याला कदाचित आलं असतं. तशी वाट नव्हती आणि जी चिंचोळी पायवाट होती, तिच्यावर मी आडवा बसलो होतो, गळ्यात माळ घालून. एक आयुष्य बुजवायला आम्ही दुसरं आयुष्य माती म्हणून वापरलं आणि त्याला विवाहसंस्कार म्हणालो.

पुढच्या सप्ताहात महाराज पुन्हा हातवारे करून विचारतीलच, की असल्या लग्नात मामानं पाटावर कुणाला आणायचं. मांडव हसायच्या आत मी उठून उभा राहणार आहे. महाराज, बाकीच्या मामांचं मला माहीत नाही. मी आणली होती ती माझी भाची. सगळं ठाऊक असताना, दंडाला धरून.